तारेचे सोंग

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. पहिल्या वर्षी त्या रकान्यापाशी माझे पेन बराच वेळ अडले. रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या मुलीने ‘शिक्षक’ असे लिहिले होते. तिच्या पुढच्या मुलाने ‘शेती’. माझे वडील काय करतात? आमच्या आळीत त्यांना ‘टेलिफोनवाले अण्णा’ म्हणतात. पण कायम नोकर म्हणून त्यांचे नाव हजेरीपटावर कधी लागले नाही. आधी रोजंदारी, मग कंत्राट, आणि कंत्राटदार बदलला की पुन्हा नवे कंत्राट. लाइनमन म्हणावे तर तो हुद्दा त्यांचा नव्हे. मजूर म्हणावे तर माझीच जीभ रेटेना. शेवटी ‘नोकरी’ एवढा एकच शब्द लिहिला आणि अर्ज खिडकीतून आत सरकवला.

आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे अर्ज कसा भरावा हे सांगणारे घरात कुणी नव्हते आणि मी काय भरले हे विचारणारेही कुणी नव्हते. पण तो शब्द मला टोचत राहिला. अण्णांचे काम नेमके काय आहे, हे मला यंदा कळले. आणि तेही टेलिफोनवर येणाऱ्या ‘टिक्’ अशा एका बारीक आवाजामुळे!

आमचे गाव माणदेशातले. पाऊस बेताचा, रान हलके. अण्णांनी सातवीतून शाळा सोडली. सन 1990 नंतर खेडोपाडी टेलिफोन पोहोचू लागले, तेव्हा केबल पुरण्यासाठी चर खणायला माणसे हवी होती. अण्णा कुदळ घेऊन त्या कामावर गेले आणि तिथेच राहिले. त्याच सुमारास खेड्यांतून ‘सी-डॉट’ची लहान स्वयंचलित केंद्रे बसत होती. ही सरकारी संस्था 1984 साली निघाली आणि तिने बनवलेले खेड्यासाठीचे पहिले केंद्र 1986 साली कर्नाटकात कित्तूर येथे सुरू झाले. धूळ आणि उन्हाळा सोसणारे, थंड हवेची खोली न मागणारे ते यंत्र! “आपल्यासारखंच हुतं ते, कशातबी चालायचं,” असे अण्णा म्हणतात.

चर खणता खणता अण्णा तारा जोडायला शिकले. जाड केबलच्या पोटात तारांच्या जोड्या असतात. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखी हे पाच रंग, आणि पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा हे दुसरे पाच. एकेकाशी एकेकाची जोडी लावली की पंचवीस जोड्या होतात. मी बालवाडीत रंग शिकले ते या तारांच्या तुकड्यांवरून. उरलेल्या तुकड्यांच्या अंगठ्या आणि बांगड्या विणून आम्ही मैत्रिणी घालत असू. अण्णांच्या हाताला मात्र केबलमधल्या चिकट मलमाचा आणि रॉकेलचा वास कायमचा बसलेला. त्या वासाची पुढे मला लाज वाटू लागली, हे आज कबूल केले पाहिजे.

अण्णा मुळात अबोल. पण तारेला कान लावला की ते दुसरेच कुणी होतात. कुठे पाणी शिरले आहे, कुठे सांधा सुटला आहे, कुठली तार शेजारणीला चिकटली आहे, हे ते नुसत्या खरखरीवरून सांगतात. आमच्या घरीही एक टेलिफोन आहे, काळपट लाल रंगाचा, फिरत्या तबकडीच्या जागी बटणे असलेला. गावातली वीज गेली तरी तो वाजतो. कारण त्याला लागणारी वीज केंद्रातल्या बॅटरीमधून तारेवाटेच येते. लहानपणी मला ते मोठे नवल वाटे. सगळ्या गावात अंधार आणि आमच्या कोनाड्यातली घंटी मात्र खणखणते आहे!

आता थोडे त्या जुन्या टेलिफोनविषयी सांगते, म्हणजे पुढची गोष्ट समजेल. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. जे समजले ते अण्णांकडून, विज्ञान शाखेच्या एका सरांकडून आणि ग्रंथालयात बसून वाचलेल्यावरून. चुकभूल द्यावी घ्यावी.

जुन्या पद्धतीत तुम्ही टेलिफोन लावला की इथून तिथपर्यंत एक वाट केवळ तुमच्यासाठी राखून ठेवली जाते. घरापासून केंद्रापर्यंत तांब्याच्या दोन तारा तुमच्याच. केंद्रातून पुढे जिल्ह्यापर्यंत प्रत्येकाला वेगळी तार देणे परवडत नाही. म्हणून तिथे एक युक्ती केलेली असते. अ‍ॅलेक रीव्ह्ज नावाच्या इंग्रज अभियंत्याला ती 1937 साली पॅरिसमध्ये सुचली. आवाज अखंड पाठवण्याऐवजी त्याची उंची ठरावीक अंतराने मोजायची आणि नुसते आकडे पाठवायचे. टेलिफोनमध्ये हे मोजमाप एका सेकंदात 8000 वेळा होते आणि प्रत्येक मापाला आठ अंक लागतात. म्हणजे एका माणसाच्या बोलण्याचे सेकंदाला 64,000 अंक झाले. आपल्याकडे आणि युरोपात अशा 32 घरांची एक रांग करतात. तिला ई-वन म्हणतात. त्यातली 30 घरे बोलणाऱ्यांची; एक घर रांग कुठे सुरू झाली हे ओळखण्यासाठी आणि एक घर नंबर, घंटी वगैरे निरोपांसाठी. ही संपूर्ण रांग सेकंदाला 8000 वेळा इकडून तिकडे जाते. एकदा सातवे घर तुम्हांला मिळाले की बोलणे संपेपर्यंत सातवे घर तुमचेच. तुम्ही बोला, नाही तर गप्प बसा. तुमचे घर रिकामे असले तरी रांगेतून जातच राहते.

“लाइन धरली म्हंजी धरली,” असे अण्णा म्हणतात, त्याचा अर्थ हाच.

नव्या जाळ्याची रीत अगदी उलटी आहे. तिथे कुणासाठी काहीही राखून ठेवलेले नसते. जे पाठवायचे त्याची लहान लहान पाकिटे करायची, प्रत्येकावर पत्ता घालायचा आणि रस्त्यावर सोडून द्यायची. कुठले आधी पोहोचेल, कुठले मागाहून. एखादे वाटेत हरवेलही. अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस या दोघांनी 1960 नंतरच्या दशकात ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली. ‘पॅकेट’ हा शब्द डेव्हिस यांचा. तो ठरवण्यापूर्वी त्यांनी एका भाषातज्ज्ञाचा सल्ला घेतला होता. इतर भाषांतही सहज चालेल असा शब्द त्यांना हवा होता. हे वाचून मला, भाषेच्या विद्यार्थिनीला, फार आनंद झाला. एवढ्या मोठ्या यंत्रविद्येच्या दारात आमच्यापैकी कुणाला तरी एकदा विचारले गेले होते तर! मराठीने तर तो शब्द केव्हाच ‘पाकीट’ करून खिशात घातला आहे.

आता गोष्टीकडे वळते. आमच्या तालुक्याच्या केंद्रातून जिल्ह्यापर्यंत काचेची तार, म्हणजे ऑप्टिकल फायबर, पूर्वीपासूनच आहे. तिच्या दोन टोकांना असलेली जुनी यंत्रे थकली. त्यांचे सुटे भाग मिळेनात. म्हणून गेल्या पावसाळ्यात ती काढली आणि त्याच तारेवर पाकिटांचे नवे जाळे आले. पण केंद्रातले टेलिफोनचे जुने यंत्र मात्र तसेच राहिले. गावात घरटी मोबाइल आल्यापासून त्या यंत्रावर शंभरभर टेलिफोन उरलेले. बँक, दवाखाना, एक निवृत्त गुरुजी, काही म्हातारी माणसे, आणि आम्ही. एवढ्यांसाठी नवे यंत्र कोण घेणार? आणि जुन्या यंत्राला तर पाकिटांची भाषा येत नाही. त्याला फक्त ई-वनची रांग कळते.

तेव्हा दोन्ही टोकांना एकेक डबा बसवण्यात आला. पितळी डब्याएवढाच असेल, पुढे हिरवे दिवे लुकलुकणारे. सुटीत अण्णा मला मुद्दाम तो दाखवायला घेऊन गेले. हा डबा जुन्या यंत्राकडून येणारी रांग घेतो, तिचे तुकडे पाकिटांत भरतो आणि नव्या जाळ्यात सोडतो. पलीकडचा डबा पाकिटे फोडून पुन्हा होती तशी रांग उभी करतो. दोन्हीकडच्या जुन्या यंत्रांना वाटते, आपल्यामध्ये पूर्वीचीच तार आहे. त्या खोट्या तारेला इंग्रजीत ‘स्यूडोवायर’ असेच नाव आहे. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या मंडळींनी 2006 साली तिची एक रीत लेखी ठरवून दिली. त्या रीतीत डबा रांगेच्या आत डोकावतसुद्धा नाही. कुठले घर भरलेले, कुठले रिकामे, त्याला कर्तव्य नाही. 256 अक्षरे झाली की एक पाकीट, म्हणजे सेकंदाला बरोबर एक हजार पाकिटे. रात्रंदिवस, कुणी बोलत असो वा नसो. (नको असलेली घरे वगळून फक्त भरलेली पाठवण्याची दुसरी रीतही पुढच्याच वर्षी ठरली.)

“म्हंजी सोंग हाय बघ,” अण्णा डब्याकडे पाहत म्हणाले. “आपल्या जत्रंत ज्ञानू रामाचं सोंग घेत न्हाय का? तसं हे तारंचं सोंग.”

त्यांना ते सोंग पसंत पडले नव्हते हे मला दिसत होते. आणि मला सोंग या शब्दाने दचकल्यासारखे झाले.

का, ते सांगते. पहिल्या वर्षी वर्गात उतारा वाचताना मी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणाले आणि मागच्या दोन बाकांवर खसखस पिकली. त्या रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन मी ‘ण’ घोकला. पुढे हळूहळू ‘हाय’चे ‘आहे’ झाले, ‘न्हाय’चे ‘नाही’ झाले, ‘लई’ तर पार गेला. आता कुणाला ओळखूही येत नाही. परंतु घरून टेलिफोन आला की मी खोलीबाहेर जाऊन हळू आवाजात बोलत असे. कारण अण्णांशी नवी भाषा बोलवेना आणि मैत्रिणींसमोर जुनी बोलवेना. मग मी टेलिफोनच कमी केला. त्याऐवजी भावाच्या मोबाइलवर निरोप टाकायचा : ‘जेवले. अभ्यास चालू आहे.’ दोन दोन शब्दांची पाकिटे! पोहोचली की काम झाले.

डबा बसल्यानंतर आठवड्याभरात भावाच्या मोबाइलवरून अण्णांचाच टेलिफोन आला. एरवी ते आपण होऊन कधी करत नसत.

“वसतिगृहात तो तारंचा फोन हाय का अजून?”

“रेक्टरबाईंच्या खोलीत आहे. का?”

“रोज रात्री साडेआठला त्यावरनं घरच्या फोनवर लाव. लाइनीत कायतरी टिकटिकतंय. साहेब म्हंत्यात, मामा, तुमचा भास हाय. मला ऐकायचंय.”

रेक्टरबाईंनी परवानगी दिली. पहिल्या रात्री मी नंबर फिरवला, अण्णांनी पहिल्याच घंटीला उचलला आणि म्हणाले, “आता बोलू नगंस. नुसती धरून ठेव.”

वाचकहो, आपल्या वडिलांसोबत टेलिफोनवर वीस मिनिटे एक शब्दही न बोलता कधी थांबला आहात का? सुरुवातीला मला हसू आले. मग कंटाळा आला. मग हळूहळू ऐकू येऊ लागले. आधी घरातले भिंतीवरचे घड्याळ. मग आईने चुलीपाशी परात ठेवल्याचा आवाज. गोठ्यातली घंटा. अण्णांचा श्वास, त्यांना बारीक धाप लागते हे मला तोवर माहीत नव्हते. आणि मग खरेच, ‘टिक्’! जणू कुणी नखाने तार छेडली.

“आईकलीस?” अण्णांचा आवाज आनंदाने चिरकला. “आता घड्याळ बघ.”

पावणेदोन मिनिटांनी पुन्हा ‘टिक्’. पुन्हा पावणेदोन मिनिटे, पुन्हा ‘टिक्’. तारेत पाणी शिरले असते तर खरखर झाली असती, तिला वेळेचा धरबंध नसता. ही टिक् नियमाने येत होती. “तार न्हवं ही,” अण्णा म्हणाले. “हे घड्याळ हाय कुणाचं तरी. चुकलेलं.”

सातवी शिकलेल्या माणसाने अंधारात मारलेला तो तीर किती नेमका होता, हे मला नंतर कळले. विज्ञान शाखेच्या सरांपुढे मी घाबरतच हा प्रकार ठेवला. त्यांनी फळ्यावर एक हौद काढला. तो पाहताक्षणी मला सगळे उमगले, कारण हौदाची विद्या आम्हा माणदेशी माणसांना शिकवावी लागत नाही!

आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी दोन एकदम. पण तोटीला पाणी संथ आणि सारखे हवे. म्हणून मध्ये हौद बांधायचा. पाकिटांचेही तसेच. ती मागेपुढे येतात, आणि जुन्या यंत्राला तर रांग एका लयीत हवी. म्हणून डब्यात पाकिटांचा एक लहानसा हौद असतो. आलेली पाकिटे त्यात थोडी साठवायची आणि ठरल्या तालाने एकेक सोडायचे. हौद फार लहान असला तर कोरडा पडतो. फार मोठा केला तर बोलणे त्यात अडकून उशिरा पोहोचते.

पण खरी मेख हौदात नाही, तोटीत आहे. तोटी किती वेगाने सोडायची, हे ठरवायला घड्याळ लागते. जुन्या तारेवर घड्याळ आपोआप यायचे. अंकांच्या लयीतच ते असे आणि पलीकडचे यंत्र त्या लयीवर आपली लय लावून घेई. पाकिटांच्या जाळ्यात लयच नाही. आमच्या टोकाचा डबा आपल्या पोटातल्या घड्याळावर चालत राहिला होता, आणि ते घड्याळ जिल्ह्याच्या घड्याळापेक्षा किंचित पुढे धावत होते. किती किंचित? शंभर सेकंदांत एका पाकिटाइतके, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. लाखात एक! दिवसाकाठी एक सेकंदसुद्धा नाही. आपल्या हातातले घड्याळ इतके अचूक असते तर आपण ते मिरवले असते. पण तोटी आवकीपेक्षा लाखात एक जास्त वाहिली, तरी केव्हातरी हौद कोरडा पडणारच. त्या क्षणी सोडायला पाकीट नसते; डबा तिथे काहीतरी खोटे भरतो, रांग मोडू देत नाही, आणि टेलिफोन धरलेल्या माणसाला ऐकू येते : ‘टिक्’.

अण्णांनी वहीत टिपलेले आकडे साहेबांना दाखवले. साहेब तरुण, मनाने चांगले. आधी त्यांनी हौद मोठा करून पाहिला. टिक् उशिरा येऊ लागली. पण आली की ‘खर्र’ अशी मोठी येई, आणि वर आपलेच बोलणे विहिरीत बोलल्यासारखे परत ऐकू येऊ लागले. दवाखान्याचा फॅक्स अर्ध्यात तुटू लागला. रात्री साडेआठची आमची बैठक चालूच होती. अखेर साहेब स्वतः येऊन बसले आणि डब्याला त्यांनी वेगळी आज्ञा दिली : स्वतःचे घड्याळ सोड आणि येणाऱ्या पाकिटांकडे बघून चाल. हौद भरत चालला तर तोटी जरा जास्त सोड, उतरत चालला तर जरा आवळ. ही रीत तर आमची आई रोज वापरते! डब्याला लय सापडायला थोडा वेळ लागला. त्या रात्री अण्णा आणि मी पाऊण तास टेलिफोन धरून बसलो. एकही टिक् आली नाही.

“मामा, कान तयार आहे हो तुमचा,” असे साहेब म्हणाले म्हणे. ते वाक्य अण्णांनी मला दोनदा सांगितले.

आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही. मला वाटते, त्या म्हणीला आणखी एक पुस्ती जोडावी : वेळेचेही सोंग आणता येत नाही. डब्याने तारेचा आकार आणला, रांग आणली, घरे आणली, सगळे हुबेहूब. पण लय उसनी घेण्यासाठी त्याला पलीकडच्याकडे सतत लक्ष द्यावेच लागले. त्याला दुसरा उपाय नाही. जगात अजूनही कितीतरी ठिकाणी वीज-उपकेंद्रांतली आणि रेल्वेमार्गांवरची जुनी यंत्रे अशाच सोंगाच्या तारांवर चालतात. ब्रिटनने आपले जुने टेलिफोन जाळे 2025 अखेर बंद करायचे ठरवले होते. पुढे 2024 साली ती मुदत जानेवारी 2027 पर्यंत वाढवली. एक मोठे कारण काय, तर एकट्या राहणाऱ्या वृद्ध माणसांच्या मदतीच्या घंटा त्या तारांना जोडलेल्या होत्या. नवे जाळे केव्हाच तयार असते. टोकाला कोण बसले आहे, याचा विचार करायला मात्र वेळ द्यावा लागतो.

टिक् गेली, तरी मी साडेआठचा टेलिफोन सोडला नाही. अण्णांनीही “आता कशाला?” असे विचारले नाही. सरांकडून मला आणखी एक गोष्ट कळली होती. मोबाइलवर आपण गप्प झालो की मोबाइल आपले पाठवणे जवळजवळ थांबवतो. वाया का घालवायचे? आणि पलीकडच्याला लाइन मेली असे वाटू नये म्हणून त्याच्या कानात यंत्र स्वतःच एक हलकी खोटी सरसर निर्माण करते. आमच्या सोंगाच्या तारेत असे नव्हते. तिथे आमचे गप्प बसणेसुद्धा सेकंदाला हजार पाकिटांतून, एकही न वगळता, इकडून तिकडे जात होते. अण्णांचे न बोलणे खरे होते आणि ते मला पोहोचत होते. ज्याला मी सोंग म्हणत होते ते यंत्र माझ्यापेक्षा प्रामाणिक निघाले. कारण मी तर दोन शब्दांची पाकिटे टाकून उरलेले सगळे वगळत आले होते.

एका रात्री त्या शांततेतच मी अण्णांना सांगितले, की प्रवेश-अर्जात मी तुमचे काम लिहिले नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “काय लिवायचं ते मला तरी कुठं ठावं हाय? जोडतो म्हणून लिव.”

आता ते जुने केंद्रही बंद होणार आहे. उरलेल्या टेलिफोनांना काचेची तार थेट घरापर्यंत येईल आणि आवाज घरातूनच पाकिटे होऊन निघेल. मग रांग नको, डबा नको, सोंगही नको. त्यात वाईट काही नाही. नवे जाळे स्वस्त आहे, मोठे आहे, आणि त्याच जाळ्यावरून मी हे सगळे वाचू शकले. फक्त वीज गेली की कोनाड्यातली घंटी आता वाजणार नाही, आणि अण्णांचे कंत्राट केंद्राबरोबरच संपेल. बावन्नाव्या वर्षी ते काचेची तार सांधायला शिकत आहेत. केसाएवढी बारीक ती तार. तिला रंग आहेत, पण खरखर नाही. कानाने तिची दुखणी कळत नाहीत, डोळ्यांनी पाहावी लागतात, आणि अण्णांचे डोळे आता साथ देत नाहीत. नवा कंत्राटदार त्यांना ठेवील की नाही, ठाऊक नाही. सुटीत मी त्यांच्यासोबत बसते. रंग मी वाचते, तार ते धरतात.

पुढच्या जूनमध्ये तृतीय वर्षाचा अर्ज भरायचा आहे. त्या रकान्यात काय लिहायचे हे माझे ठरले आहे : ‘दूरध्वनीच्या तारा जोडणे’. अक्षरे रकान्यात मावत नाहीत. पण बाहेर गेली तरी चालेल.

काल रात्री साडेआठला नेहमीप्रमाणे टेलिफोन लावला. रेक्टरबाईंच्या खोलीत दोन मैत्रिणी काही कामासाठी उभ्या होत्या. अण्णांनी उचलला. नेहमीची शांतता. भिंतीवरचे घड्याळ, आईची परात, तो बारीक श्वास. मग त्यांनी विचारले, “हाय का न्हाय लाइनीवर?”

“हाय की, अण्णा,” मी मोठ्याने म्हणाले. “धरून ठिवलीया.”